शिशाची पट्टी आणि तारांची फणी

उत्खननात निघालेल्या मातीच्या भांड्याच्या तुकड्याला खापर म्हणतात. त्या खापराची कड, म्हणजे काठापासून बुडाकडे उतरत जाणारी त्याची बाह्यरेषा, कागदावर जशीच्या तशी उतरवणे हे पुरातत्त्वातील अत्यंत संथ आणि डोळे शिणवणारे काम आहे, परंतु पुढच्या बऱ्याच निष्कर्षांचा भार त्याच कामावर असतो. या कामासाठी एक खास हातहत्यार मिळते. त्यात दोन अरुंद पट्ट्यांच्या चिमटीत बारीक पोलादी तारा एकीला एक लागून बसवलेल्या असतात. घर्षणामुळे त्या जागच्या जागी राहतात, पण वस्तूवर टेकवून दाबल्या की उंचवट्याच्या ठिकाणी मागे सरकतात आणि खोलगट ठिकाणी पुढेच राहतात. हत्यार बाजूला घेतले की तारांच्या टोकांची रांग वस्तूची कड दाखवते आणि त्या रांगेला धरून पेन्सिल फिरवली की रेषा कागदावर येते. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव प्रोफाइल गेज असे आहे. दिसायला ते फणीसारखे असल्याने येथे त्याला तारांची फणी म्हटले आहे. फरशी बसवणारे कारागीर दाराच्या चौकटीच्या वळणाप्रमाणे फरशी कापण्यासाठी हेच हत्यार वापरतात, आणि त्याचा प्लास्टिकचा प्रकार हार्डवेअरच्या दुकानांत कंटूर गेज या नावाने मिळतो. उत्खननाच्या शिबिराला निघालेल्या विद्यार्थ्याने ते विकत घ्यावे की साधा गुण्या, मोजपट्टी आणि कॅलिपर यांवर भागवावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु आकार हाताने टिपण्याचा इतिहास पाहिला तर त्यामागे बरीच मोठी गोष्ट दडलेली दिसते.

या हत्याराचा ज्ञात पूर्वज ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात भेटतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या त्या ग्रंथाच्या पाचव्या भागात, कायद्याचा सर्वसाधारण नियम एखाद्या विशेष प्रसंगाला लागू पडत नसेल तेव्हा न्यायबुद्धीने त्याला मुरड कशी घालावी हे समजावताना, त्याने लेस्बॉस बेटावरील बांधकामात वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी ताठ न राहता दगडाच्या आकाराप्रमाणे वळते, असे तो म्हणतो. लेस्बॉसच्या जुन्या भिंतींतील दगड चौकोनी नसून त्यांच्या कडा वळणदार आहेत, त्यामुळे बसवलेल्या दगडाची कड टिपून पुढचा दगड तिच्याशी जुळवून घडवण्यासाठी अशी पट्टी लागत असावी, हा अर्थ सयुक्तिक वाटतो. शिसेच का, याचे उत्तर त्या धातूच्या स्वभावात आहे. पोलादाची पातळ पट्टी वाकवून सोडली की उसळून पुन्हा सरळ होते, पण शिसे जसे वाकवावे तसे राहते. आजही कित्येक रेखाटनकार सोल्डरिंगची शिसे-कथिलाची तार खापरावर बोटांनी दाबून तिच्याकडून तेच काम करून घेतात, म्हणजे लेस्बॉसची पट्टी अजून कामावर आहे असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरच्या दीर्घ काळात आकाराच्या हत्यारांचा प्रवास मुख्यतः उलट दिशेने झाला. वस्तूवरून रेषा टिपण्यापेक्षा रेषेवरून वस्तू घडवणे, हे त्यांचे काम होते. इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथीड्रलचा एक भाग ११७४ साली आगीत जळाला, तेव्हा त्याच्या पुनर्बांधणीसाठी फ्रान्समधून आलेल्या सांसच्या विल्यम या स्थपतीने जमलेल्या पाथरवटांना दगड घडवण्यासाठी नमुने वाटल्याची नोंद तेथील जर्व्हेस या साधूने करून ठेवली आहे. असा नमुना म्हणजे खांबाच्या किंवा कमानीच्या आडव्या छेदाच्या आकाराचा तुकडा, जो दगडावर ठेवून भोवती रेघ मारायची आणि त्या रेघेबाहेरचा दगड काढून टाकायचा. विल्यम ११७८ मध्ये परांचीवरून पडून जायबंदी झाला आणि काम दुसऱ्या विल्यमकडे गेले, पण नमुन्यांची पद्धत चालू राहिली. ज्यांना महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांच्या जोत्यावरील खुर, कुंभ, कलश, कपोत हे एकावर एक रचलेले थर आठवतील, त्यांना अशा ठरलेल्या वळणांचे महत्त्व निराळे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात ही दिशा फिरली, आणि ती फिरवण्यात एका यंत्रशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. केंब्रिज विद्यापीठात १८३७ पासून प्राध्यापक असलेले रॉबर्ट विलिस एकीकडे दातेरी चाकांच्या रचनेवर लिहीत होते आणि दुसरीकडे मध्ययुगीन चर्चवास्तूंचा अभ्यास करत होते. दगडी पट्ट्यांची वळणे पिढीगणिक बदलत जातात, तेव्हा ज्या भिंतीवर तारीख कोरलेली नाही तिचे वय तिच्या वळणांवरून ठरवता येईल, ही कल्पना त्या काळच्या इंग्रज अभ्यासकांत रुजली होती. मात्र त्यासाठी शेकडो वळणे अचूक आणि एकमेकांशी ताडून पाहता येतील अशा रीतीने टिपायला हवी होती, आणि नुसत्या नजरेने काढलेल्या चित्रात चित्रकाराची सवय शिरल्यावाचून राहत नाही. विलिस यांनी १८४२ मध्ये यासाठी सायमाग्राफ नावाचे उपकरण प्रसिद्ध केले. ग्रीक भाषेत लाटेला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, कारण लाटेसारखे वळण हे या दगडी पट्ट्यांचे प्रमुख रूप आहे. उपकरणाचे एक टोक दगडाच्या वळणावरून फिरवले की दुसऱ्या टोकाची पेन्सिल कागदावर तीच रेषा मूळ आकारात काढत असे. पुढे १८४५ मध्ये विलिस यांनी कँटरबरीच्या वास्तूचा इतिहास लिहिला आणि जर्व्हेसच्या वर्षवार वृत्तांताशी प्रत्यक्ष दगड ताडून पाहिले. पाथरवटाला एकेकाळी दिलेला नमुना दगडावरून परत वाचता येतो, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. सायमाग्राफ स्वतः फारसा प्रसार पावला नाही. टिकला तो त्यामागचा विचार, की कड हेच घड्याळ आहे.

हा विचार मातीच्या भांड्यांवर सर्वांत धीटपणे चालवून पाहिला तो फ्लिंडर्स पीट्री यांनी. ईजिप्तमध्ये नकादा येथे १८९४-९५ मध्ये त्यांना हजारोंनी थडगी सापडली. त्यांत लेख नव्हते आणि एकावर एक साचलेले थरही नव्हते, म्हणजे काळ ठरवण्याची नेहमीची दोन्ही साधने हाताशी नव्हती. थडग्यांत भांडी मात्र विपुल होती. पीट्री यांनी त्यांची आकारवार वर्गवारी केली, सुमारे ९०० थडग्यांसाठी कागदाची एकेक पट्टी करून तीत त्या त्या थडग्यातील प्रकार मांडले आणि पट्ट्या पुढेमागे करत असा क्रम लावला की प्रत्येक प्रकाराचा उगम, भर आणि लोप एका ओळीत यावा. या क्रमाची किल्ली एका विशिष्ट रांजणात होती. आरंभी त्याचे पोट फुगीर असून उचलण्यासाठी दोन्ही बाजूंना मातीचे लाटदार कान असत. पुढे पोट आवळत गेले, कान उपयोगातून गेले आणि शेवटी उभट नळकांड्यावर नुसती एक नागमोडी रेघ उरली. पीट्री यांनी या क्रमाला ३० ते ८० असे आकडे दिले आणि आधीचे काही सापडल्यास जागा असावी म्हणून पहिले आकडे मोकळे सोडले. ही पद्धत त्यांनी १८९९ मध्ये मांडली. त्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु रेषेतला फरक म्हणजे काळातला फरक हे सूत्र पुरातत्त्वाच्या पायात कायमचे बसले, आणि त्याबरोबर कड अचूक उतरवण्याची जबाबदारीही आली.

भारतात ही शिस्त मॉर्टिमर व्हीलर यांच्या काळात पक्की झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून १९४४ मध्ये आल्यावर त्यांनी त्याच वर्षी तक्षशिला येथे प्रशिक्षणवर्ग भरवला आणि १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. तेथे इटलीतील आरेझो भागात बनणारी तांबडी, झिलईदार रोमन भांडी सापडली. त्यांचा काळ युरोपात ठरलेला असल्याने त्यांच्यासोबत निघालेल्या भारतीय भांड्यांनाही काळ देता आला. यांतले प्रमुख भांडे म्हणजे आत वळलेल्या काठाची, सपाट बुडाची पसरट थाळी, जिच्या तळावर चकरीने उमटवलेल्या ठिपक्यांची वर्तुळे असतात. अरिकमेडूच्या अहवालात या थाळीला पहिला क्रमांक मिळाला आणि पुढे देशात कोठेही तशी थाळी निघाली की अभ्यासक अरिकमेडूच्या त्या रेखाटनाशी काठ लावून पाहू लागले. विमला बेगली यांनी १९८९ ते १९९२ दरम्यान तेथे पुन्हा केलेल्या उत्खननानंतर या थाळीची सुरुवात व्हीलर मानत होते त्याहून बरीच आधी नेली गेली. तारीख सरकली, तरी थाळी ओळखण्याचे रेखाटन मात्र तेच राहिले, ही गोष्ट रेखाटनाच्या टिकाऊपणाबद्दल बरेच काही सांगते.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून वाढले. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी इंग्लंडमध्ये असताना मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्या उत्खननात प्रत्यक्ष अनुभव घेतला होता, आणि १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात रुजू झाले. त्यांनी आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक येथे आणि संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे या गावी उत्खनन केले. या लहानशा गावाने ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे आणि दगड यांची हत्यारे बरोबरीने वापरली जात त्या काळातील, एका संपूर्ण संस्कृतीला आपले नाव दिले. जोर्वे भांडी चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, तांबड्या लेपावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली असतात आणि त्यांवर टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. त्यांचे आकार मोजकेच आहेत: पसरट तोंडाचे तोटीचे भांडे, उंच गळ्याचा गोल घडा, आणि सर्वांत ओळखीचा तो कंगोऱ्याचा वाडगा. या वाडग्याची भिंत काठापासून किंचित आत वळत खाली येते, मग एका धारदार कडेशी अचानक वळते आणि तेथून बूड सुरू होते. ती धार म्हणजे कंगोरा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या आणि अनेक हंगाम चाललेल्या उत्खननाने या संस्कृतीचा पूर्वार्ध इ. स. पू. १४०० ते १००० आणि उत्तरार्ध इ. स. पू. १००० ते ७०० असा उलगडला. धवलीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा त्यावरील अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरार्धात भांड्यांची माती जाडीभरडी होते आणि नक्षी विरळ होत जाते. अशा ऱ्हासाच्या काळात कंगोरा किती तीक्ष्ण राहिला, काठ किती बाहेर कलला, भिंत किती जाड झाली, हे प्रश्न साध्या कुतूहलाचे राहत नाहीत. एका वस्तीवर काय ओढवले याचा पुरावा त्या मिलिमीटरांत असतो.

तारांच्या फणीची परीक्षा येथे होते. रेखाटनाची रूढ रीत अशी आहे की काठाचे खापर पालथे करून सपाट काचेवर ठेवायचे आणि काठाखालून उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत ते कलते करत जायचे. तो कल सापडला की मूळ भांडे कसे उभे होते ते कळते. समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर काठाचा कंस जुळवून तोंडाचा व्यास काढायचा. त्यानंतर गुण्या उभा धरून ठरावीक उंचीवर कड गुण्यापासून किती दूर आहे ते मोजायचे, ते बिंदू कागदावर मांडायचे आणि जोडायचे. कॅलिपरने भिंतीची जाडी घेऊन आतली रेषा काढायची. शेवटी मध्यरेषेच्या डावीकडे छेद आणि उजवीकडे बाहेरचे रूप, असे पूर्ण भांडे उभे करायचे. प्रत्यक्ष आकारात काढलेले हे चित्र छपाईत बहुधा एक चतुर्थांश केले जाते. एका हंगामात निघणाऱ्या खापरांच्या राशीपुढे बिंदू मोजत बसण्याची ही रीत फार संथ पडते आणि फणी तो वेळ वाचवते, हा तिचा खरा गुण आहे. तिचा दुसरा गुण असा की दहा रेखाटनकारांच्या दहा सवयी तिच्यामुळे बऱ्याच अंशी एका पातळीवर येतात.

परंतु फणी कंगोऱ्यावर टेकवून पाहिली की तिचा दोषही तेथेच दिसतो. प्रत्येक तारेला स्वतःची जाडी असते. धार तारेच्या टोकाच्या कोणत्याही भागाला लागली तरी अख्खी तार मागे सरकते, म्हणून एका बिंदूची धार फणीत एका तारेइतकी रुंद आणि बोथट होते. उलट बाजूने काठाखालची अरुंद खाच तारेच्या जाडीहून लहान असेल तर तार तिच्या तळापर्यंत पोचतच नाही, आणि खाच उथळ होऊन कागदावर येते. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या रांगेवरून पेन्सिल फिरवताना हात आपोआप आणखी गोलाई देतो. उत्तरकालीन वाडग्याचा कंगोरा बोथट झाला आहे का, हे ठरवण्यासाठी वापरलेले हत्यारच प्रत्येक कंगोऱ्याला थोडे बोथट करत असेल, तर पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांतला फरक कागदावर पुसट होतो. याशिवाय तारा एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे आत वळलेल्या काठाच्या मागे काय आहे ते फणीला कळत नाही. अखंड घड्याच्या अरुंद गळ्यातून ती आत जात नाही. खापरावर जरा तिरकी धरली गेली तर कड ताणलेली येते. आणि कच्च्या भाजणीच्या खापरावर, विशेषतः रंगाच्या नक्षीवर, पोलादी टोके चरे पाडतात. हा शेवटचा दोष बाकी सर्वांहून गंभीर मानायला हवा. चुकलेली रेषा पुन्हा काढता येते, तीन हजार वर्षे टिकलेल्या काळ्या रंगाच्या रेघेवर पडलेला ओरखडा परत भरून येत नाही.

याच्याही मुळाशी कुंभाराचा हात आहे. जोर्वे वाडगा चाकावर घडवला गेला, आणि चाकावरची माती मोजपट्टीने आकार घेत नाही; दोन बोटांच्या चिमटीत भिंत वर येते, नखाने किंवा बोटाच्या पेराने काठ बाहेर दुमडला जातो, आणि जेथे हाताची ठेवण बदलते तेथे कंगोरा पडतो. एकाच कुंभाराने एका दिवसात केलेल्या दोन वाडग्यांत मिलिमीटरभराचा फरक असणारच, इतकेच काय, एकाच वाडग्याच्या काठावर समोरासमोरच्या दोन जागी तो असतो. जाणता रेखाटनकार खापर हातात फिरवून आधी हे पाहतो की काठ दुमडला आहे की नुसता दाबला आहे, कंगोरा ओल्या मातीत बोटाने काढला आहे की किंचित सुकल्यावर कशाने तरी कापून काढला आहे, आणि मग त्या कृतीला धरून रेषा काढतो. फणीला दुमडलेल्या आणि दाबलेल्या काठांची कड सारखीच दिसू शकते. इनामगावसारख्या स्थळाच्या अहवालातील चांगली रेखाटने पाहणाऱ्याला आजही भांडे कसे घडले ते उमगते, ते या आधीच्या पाहण्यामुळे.

म्हणून फणी बाळगावी का, या प्रश्नाला वाजवी उत्तर देताना माणूस आणि शिबिर यांत भेद करावा लागतो. हजारो खापरे हाताळणाऱ्या शिबिराने बारीक तारांची एक चांगली फणी सामायिक म्हणून जरूर ठेवावी, जाड, साध्या पोताच्या आणि नक्षी नसलेल्या भांड्यांसाठी वापरावी, आणि कंगोरा, खाच, काठाचे टोक या जागा तिच्या रेषेवर गुण्याने आणि कॅलिपरने पुन्हा तपासून दुरुस्त कराव्यात. नव्या विद्यार्थ्याने मात्र पहिली शंभर खापरे तिच्यावाचून काढावीत, कारण बिंदू मोजताना जो वेळ जातो त्याच वेळात डोळ्याला खापर कळू लागते. फरशी कापणाऱ्या कारागिरासाठी हे हत्यार निःसंशय उपयोगाचे आहे, कारण त्याला चौकटीभोवती फरशी बसली म्हणजे पुरे. चौकटीची पट्टी कोणत्या रंध्याने काढली हे त्याला जाणून घ्यायचे नसते.

गेल्या काही दशकांत हे काम त्रिमितीय स्कॅनरकडेही गेले आहे. इस्राएलमधील अवशालोम कारासिक आणि उझी स्मिलान्स्की यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत खापराचा संपूर्ण पृष्ठभाग स्कॅन होतो, भांडे ज्या अक्षाभोवती फिरून घडले तो अक्ष संगणक त्या पृष्ठभागावरून शोधून काढतो आणि मग छेद काढतो. खापराला काही लागत नाही, म्हणून ओरखडा पडत नाही. काचेवर खापर कलते करून उजेडाची फट शोधण्याची गरज राहत नाही. पण भांडे पुरते गोल नसल्याने एकाच खापराचे निरनिराळ्या जागचे छेद निरनिराळे येतात, आणि त्यांतून कोणता घ्यावा किंवा सगळ्यांची सरासरी घ्यावी का, हे ठरवणे अभ्यासकाकडे उरतेच. सरासरी घेतली की कुंभाराच्या बोटाने एकाच जागी जरा जास्त दाबलेला काठ त्या रेषेत विरून जातो, आणि तो हवा असेल तर खापर पुन्हा हातात घेऊन, कडेने उजेड पाडून, अंगठ्याने चाचपून शोधावा लागतो.